बोक्याच्या लघवीचं सॅम्पल: घेणं, ठेवणं आणि दवाखान्यापर्यंत नेणं

आमचा टिल्लू चार वर्षांचा, साडेचार किलोचा, नसबंदी झालेला बोका. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याला लघवीचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टर मॅडमनी माझ्या हातात झाकणाची छोटी डबी ठेवून सांगितलं, "सॅम्पल घेऊन या." दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी त्या डबीकडेच बघत होते. माणसाला सांगता येतं, बोक्याला कसं सांगायचं? ज्यांच्या हातात आज अशी डबी आहे त्यांच्यासाठी हे तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. तुमचा बोका वारंवार लघवीच्या ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय आणि एक थेंबही येत नाही, असं असेल तर सॅम्पलच्या मागे लागू नका. त्याला उचला आणि तडक डॉक्टरांकडे न्या, रात्र असो की सुट्टी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती खड्याने किंवा चिकट गाळाने तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उलट्या, मलूल पडणं, पोटाला हात लावू न देणं ही पुढची लक्षणं आहेत, त्यांची वाट बघत बसायचं नसतं.

टिल्लूचं बुधवारी, ९ एप्रिलच्या रात्री सुरू झालं. तो लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमधल्या, लघवीने ओली झाली की गोळा होणाऱ्या मातीत जायचा, उकरायचा, बसायचा, बाहेर यायचा आणि पाच मिनिटांनी परत आत. एरवी लिंबाएवढा गोळा निघतो, त्या रात्री सुपारीएवढे चार-पाच निघाले. मधूनच बारीक आवाजात ओरडायचा आणि स्वतःला चाटत बसायचा. गोळे लहान का होईना, पण निघत होते. म्हणजे तुंबलं नव्हतं. तेवढ्या आधारावर मी रात्र काढली, दर तासाला ट्रे बघत. आईने क्रोसिनची अर्धी गोळी देऊ का, असं विचारलं. तिला मी हात जोडून थांबवलं. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे, एका गोळीनेही मांजर दगावतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, कारण ती गोळी प्रत्येक घरात असते.

गुरुवारी, १० तारखेला महावीर जयंतीची सुट्टी होती, त्यामुळे मला ऑफिस नव्हतं. आमच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना नागपुरात धरमपेठेत आहे आणि सुदैवाने तो संध्याकाळी उघडा होता. त्रिमूर्तीनगरहून ऑटोने गेलो. टिल्लू बास्केटमध्ये, वरून जुनी ओढणी टाकलेली. सुट्टीमुळे दीड तास बसावं लागलं. मांजराला घेऊन थांबायचं असेल तर बास्केट जमिनीवर ठेवू नका, मांडीवर किंवा खुर्चीवर ठेवा. खाली कुत्री नाक लावतात आणि मांजर आणखी घाबरतं.

मॅडम सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी. १९५८ साली सुरू झालेलं हे कॉलेज, नागपुरातले कितीतरी प्राण्यांचे डॉक्टर तिथूनच शिकून बाहेर पडलेत. त्यांनी आधी टिल्लूचं पोट हाताने चाचपलं. मूत्राशय लहान आणि मऊ लागलं. तुंबलेलं असतं तर ते चेंडूसारखं टणक लागलं असतं, असं त्यांनी सांगितलं आणि माझा श्वास जरा मोकळा झाला. वेदना कमी करणारं इंजेक्शन दिलं. तपासणीचे चारशे, इंजेक्शन आणि औषधाचे साडेतीनशे.

मग सॅम्पलचा विषय निघाला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मांजराची लघवी तीन रीतींनी घेतात. एक, सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून. ऐकायला भयंकर वाटतं, पण सर्वांत स्वच्छ सॅम्पल तेच, आणि जंतुसंसर्ग आहे का हे बघण्याच्या कल्चरसाठी तेच लागतं. दुसरी, नळी घालून, त्यासाठी गुंगी द्यावी लागते. तिसरी, घरी, ट्रेमधून. टिल्लूच्या मूत्राशयात त्या क्षणी जेमतेम काही थेंब होते, सुईने काय येणार? आणि मॅडमना आधी साध्या गोष्टी बघायच्या होत्या. लघवी घट्ट आहे की पातळ, रक्त आहे का, साखर आहे का, आम्लता किती, खडे होण्यासारखे स्फटिक आहेत का. त्यासाठी घरचं सॅम्पल चालतं.

"पाच एमएल मिळालं तर उत्तम, दोनही चालेल. सकाळचं पहिलं मिळालं तर जास्त चांगलं, ते घट्ट असतं. आणि वेळ लिहा. किती वाजता लघवी केली, ते मला पहिल्यांदा हवं."

वेळेला एवढं महत्त्व का, तेही त्यांनी समजावलं. लघवी शरीरातून बाहेर पडली की ती बदलायला लागते. त्यात पडलेले जंतू वाढतात, ते युरियाचा अमोनिया करतात आणि आम्लता कमी होत जाते. साखर असेल तर जंतू तीही खाऊन टाकतात. रक्तातल्या, मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी फुटून विरघळतात. उजेडात ठेवली तर पित्तरंगही नाहीसा होतो. आणि हे सगळं नागपूरच्या एप्रिलमध्ये, जिथे दुपारी चाळीस-बेचाळीस अंश ही नेहमीची गोष्ट, तिथे फार लवकर होतं. म्हणून अर्ध्या-एक तासात दवाखान्यात, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये जास्तीत जास्त चोवीस तास. फ्रीझरमध्ये कधीच नाही, कारण गोठल्यावर पेशी फुटतात.

अडचण सुट्ट्यांची होती. शनिवारी १२ तारखेला हनुमान जयंती, दवाखाना फक्त सकाळी. रविवारी बंद. सोमवारी १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, बंद. पण भरती केलेल्या प्राण्यांना बघायला मॅडम रोज अकरा ते बारा येतात, त्या वेळात कधीही आणा म्हणाल्या. तुमच्या डॉक्टरांनाही हे विचारून घ्या. पाटीवरची वेळ आणि दवाखान्यात कोणीतरी असण्याची वेळ यांत फरक असतो.

शुक्रवारी ऑफिसमधून निघाल्यावर मी सामान जमवलं. पाणी न शोषणारी प्लास्टिकच्या मण्यांची लिटर खास याच कामासाठी मिळते, पण आमच्या भागातल्या दुकानांत नव्हती आणि ऑनलाइन मागवली तर आठवडा. मॅडमनी पर्याय सांगितला होता, माशांच्या टाकीत घालतात ते गुळगुळीत बारीक गोटे. रंगवलेले नकोत, रंग सुटतो. शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवराची चिप नको, कारण त्यांतला चुना लघवीत उतरला तर रिपोर्ट बिघडेल. साधे करडे नदीतले गोटे ऐंशी रुपयांत दोन किलो मिळाले. मेडिकलमधून निर्जंतुक डबी पंधरा रुपयांना (एक मॅडमनी दिली होती, दुसरी हाताशी असावी म्हणून) आणि सुई नसलेली पाच एमएलची सिरिंज दहा रुपयांना. शिवाय एक नवा प्लास्टिकचा उथळ ट्रे, कारण जुन्या ट्रेच्या ओरखड्यांत काय काय अडकलेलं असतं.

गोटे उकळून, चाळणीवर धुऊन गच्चीत वाळत घातले. तिथे खालच्या काकू पापड बघायला आल्या होत्या.

"काऊन वं, एवढे गोटे कायले धुऊन राहिली?"

मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग फिनाइलनं धू ना, साफ निघतीन."

काकूंना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. फिनाइल नको, साबण नको, ब्लीच तर अजिबात नको. ब्लीचचा अंश राहिला तर तपासणीची पट्टी रक्त नसताना रक्त दाखवते, साखर नसताना साखर दाखवते. आणि फिनाइल तर मांजराच्या आसपास कधीच वापरू नये. त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, पायाला लागलेलं चाटूनही विषबाधा होऊ शकते. कडकडीत पाणी, भरपूर खळबळणं आणि ऊन. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. काकूंनी पापडांच्या बाजूची जागा मला करून दिली आणि त्या दिवसापासून रोज "झालं का बोक्याचं?" असं विचारत राहिल्या.

त्या रात्री साडेदहाला नेहमीचा ट्रे उचलला आणि गोट्यांचा ट्रे ठेवला. टिल्लूने वास घेतला, एक पाय ठेवला, झटकला आणि सोफ्यावर जाऊन बसला. बारा वाजले, दोन वाजले. तो उठायचा, ट्रेपाशी जायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत यायचा. दुखत असलेल्या जिवाला आपण आणखी अडवतोय, ही भावना फार वाईट होती. मॅडमनी मर्यादा घालून दिली होती. सकाळपर्यंत नाहीच केली तर हट्ट न धरता त्याचा नेहमीचा ट्रे परत द्यायचा, लघवीचा त्रास असलेल्या मांजराला रोखून ठेवणं धोक्याचं. पहाटे मी ट्रे परत आणायला उठले, तेवढ्यात तो बाथरूममध्ये गेला आणि थंड फरशीवर बसला. मूत्राशयाला सूज असलेली मांजरं असं करतात म्हणे, थंड गुळगुळीत जागा शोधतात. फरशीवर चमचाभर लघवी होती. तिच्यात गुलाबी रेष होती.

ती रेष बघून माझे हातपाय गळाले. फोटो काढून मॅडमना पाठवला. फरशीवरची लघवी तपासायला नको म्हणाल्या, तिथे साबण, केस, माणसांच्या पायांची घाण, सगळं असतं. पण फोटो कामाचा आहे, जपून ठेवा. थेंब येतायत ना, खातोय ना, मग घाबरू नका. शनिवारी मी नेहमीचा ट्रे ठेवला, त्याला आराम करू दिला, जेवणात दोन-दोन चमचे पाणी मिसळून दिलं आणि स्वतः थोडी झोपले. ही विश्रांती दोघांनाही हवी होती. सॅम्पलच्या नादात बोक्याचं बरं वाटणं मागे पडता कामा नये.

त्याच दिवशी घराजवळच्या माणसांच्या एका लॅबमध्ये विचारून आले. सोमवारी सकाळी ती उघडी राहणार होती, म्हणून वाटलं तिथे जमेल. प्राण्यांचं सॅम्पल घेत नाही, असं काउंटरवरून सांगितलं. नंतर मॅडम म्हणाल्या ते बरंच झालं, मांजराच्या लघवीची घट्टपणाची मापं माणसांपेक्षा वेगळी, रिपोर्टवर छापलेल्या 'नॉर्मल'च्या आकड्यांनी उगीच गोंधळ होतो.

रविवारी पळीचा प्रयोग केला. काही मांजरं याला चांगली दाद देतात. बसली की मागून हळूच लांब दांड्याची पळी सरकवायची. आईने एक जुनी प्लास्टिकची पळी कायमची देऊन टाकली. टिल्लूने मात्र पळीचा स्पर्श होताच अर्ध्यात लघवी थांबवली आणि पलंगाखाली गेला. परत एकदा तसंच झाल्यावर मी तो मार्ग सोडला. तुमची मांजर हात लावू देणारी, शांत असेल तर आधी हाच उपाय करून बघा, सर्वांत ताजं सॅम्पल यात मिळतं. पण ती दचकत असेल तर पुन्हा पुन्हा करू नका, ट्रेचीच भीती बसते.

रात्री मॅडमना मेसेज केला. त्यांनी सुचवलेली युक्ती शेवटी लागू पडली. ट्रे त्याचा नेहमीचाच, आत त्याची नेहमीची लिटर, वास ओळखीचा. त्यावर नवी, कोरी, बिनवासाची कचऱ्याची पिशवी ताणून अंथरायची, मध्ये किंचित खोलगट ठेवायची, आणि पिशवीवर मूठ-दोन मूठ धुतलेले गोटे, उकरायला. त्याला पायाखाली ओळखीचा मऊपणा लागतो, आणि लघवी पिशवीच्या खळग्यात जमते, लिटरपर्यंत जात नाही. सुगंधी पिशव्या मिळतात, त्या नकोत. पिशवीला चिमटे लावून काठ घट्ट केले.

सोमवारी, १४ एप्रिलला पहाटे पाच चाळीसला मला गोटे सरकल्याचा आवाज आला. मी जागची हलले नाही. तो बसला, बराच वेळ बसला, उठला, दोन-चार गोटे ओढले आणि निघून गेला. मग मी गेले. खळग्यात लघवी होती, पाण्यात कुंकवाची चिमूट सोडावी तशा रंगाची. हात साबणाने धुऊन नीट पुसले, ट्रे एका बाजूला कलता केला, सिरिंजने ओढून घेतली. चार एमएल भरली. डबीत घातली, झाकण आतून बोट न लावता बंद केलं. आनंदाने मला रडू आलं. चार एमएल लघवीसाठी कोणी रडेल असं ज्यांना वाटत नाही त्यांनी रात्र रात्र दुखणाऱ्या जनावराजवळ बसून बघावं.

मग लेबल. डबीच्या अंगावर चिकटवायचं, झाकणावर नाही, कारण तपासताना झाकण बाजूला होतं आणि दोन डब्यांची अदलाबदल होऊ शकते. बॉलपेनने लिहिलेलं ओलाव्याने पसरतं, म्हणून मार्करने लिहिलं: टिल्लू, बोका, ४ वर्षं, माझं आडनाव, १४/४, पहाटे ५.४०, ट्रेमधून, ५.५० ला फ्रिजमध्ये.

फ्रिजवरून आईशी बोलणं झालं. "त्यात विरजण आहे, नैवेद्याचं दूध आहे," ती म्हणाली. तिचं चुकीचं नव्हतं. खाण्याच्या गोष्टींजवळ हे उघडं ठेवूच नये. डबी आधी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, तो पाऊच एका जुन्या झाकणाच्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'तपासणी, उघडू नये', आणि डबा सर्वांत खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला. दारात ठेवायचा नाही, दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं. फ्रीझरला लागूनही नाही. दोन ते आठ अंश हवं. आईने विरजण आणि दूध वरच्या कप्प्यात हलवलं आणि दिवा लावताना टिल्लूचं नाव घेतलं, हे मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते. तसं झालं तर फ्रिज उघडू नका, एवढंच. तासभर तो थंडच राहतो.

साडेदहाला निघाले. दुपारच्या जेवणाच्या छोट्या थर्मल पिशवीत बर्फाचा पॅक ठेवला. पॅक नॅपकिनमध्ये गुंडाळला, म्हणजे डबीला थेट बर्फ लागून कडेची लघवी गोठणार नाही. स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी तापते. पिशवी खांद्याला अडकवली. रस्त्यांवर जयंतीचं वातावरण होतं. दीक्षाभूमीकडे आणि संविधान चौकाकडे निघालेल्या गाड्यांवर निळे झेंडे, चौकाचौकात सरबताचे आणि थंड पाण्याचे स्टॉल. मी प्रतापनगरहून शंकरनगर चौकातून गेले, तिकडे गर्दी कमी होती. एका स्टॉलवर सरबताचा पेला हातात दिला गेला, तो घेतला आणि अकरा-पाचला दवाखान्यात पोहोचले.

मॅडमनी डबी लगेच तपासायला घेतली नाही. वीस-पंचवीस मिनिटं टेबलावर राहू दिली. थंड लघवीचा घट्टपणा चुकीचा दाखवला जातो, पट्टीवरच्या रंगांनाही खोलीचं तापमान लागतं. मग डबी हलक्या हाताने उलटसुलट केली, जोरात हलवली नाही, खाली बसलेला गाळ मिसळावा म्हणून. दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे घट्टपणा मोजायच्या उपकरणावर टाकून मला डोळा लावून बघू दिलं. १.०४८. मांजरात १.०३५ च्या वर म्हणजे मूत्रपिंडं पाणी नीट आटवतायत. ही पहिली चांगली बातमी. पट्टीवर रक्त भरपूर, प्रथिनं थोडी, साखर नाही, पीएच (आम्लतेचं माप) ६.५. पट्टीवर पांढऱ्या पेशींचाही चौकोन असतो, तो जांभळा झालेला बघून मी घाबरले. मॅडम म्हणाल्या तो चौकोन माणसांसाठी बनवलेला, मांजरांच्या लघवीत तो खोटं बोलतो, पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच मोजायच्या. तिथे त्या जवळजवळ नव्हत्या. लाल पेशी मात्र खूप, आणि थोडे स्ट्रुवाइटचे (ज्याचे खडे होतात अशा एका क्षाराचे) स्फटिक.

मला फ्रिजबद्दलचा सर्वांत मोठा धडा इथे मिळाला. हे स्फटिक टिल्लूच्या पोटातच होते, की फ्रिजच्या थंडीत डबीत तयार झाले, हे त्या सॅम्पलवरून सांगता येत नाही. थंड झाल्यावर विरघळलेले क्षार स्फटिक होऊन बसतात. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलेलं सॅम्पल रक्त, साखर, घट्टपणा यांसाठी चांगलं, पण स्फटिकांचा निवाडा ताज्या सॅम्पलवरच. त्यावरून खाण्याचं ठरतं. स्ट्रुवाइटचे खडे खास खाण्याने विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. मॅडमनी त्या दिवशी महागडं खाणं लिहून दिलं नाही, ताजं सॅम्पल आणि सोनोग्राफी होईपर्यंत थांबू म्हणाल्या. तपासणीचे तीनशे रुपये झाले.

सोनोग्राफी गुरुवारी १७ तारखेला. बाराशे रुपये. या वेळी मूत्राशयात पुरेशी लघवी होती, कारण आदल्या दिवसापासून ओलं खाणं चालू होतं. मूत्राशयाची भिंत थोडी जाड, खडा नाही. टेबलावर असतानाच मॅडमनी सुईने सॅम्पल घेतलं. मी टिल्लूचं डोकं धरून होते. त्याने कान मागे घेतले आणि तोवर झालंही होतं. इतके दिवस ज्या सुईची मला धास्ती होती तिच्यापेक्षा गोट्यांच्या ट्रेने त्याला जास्त छळलं, असं आता वाटतं. कल्चरचं सॅम्पल जनावरांच्या लॅबला गेलं, साडेनऊशे रुपये. त्यासोबतचा फॉर्म नीट भरा. प्राणी, जात, वय, लिंग, नसबंदी झाली की नाही, सॅम्पल कसं घेतलं, किती वाजता, फ्रिजमध्ये होतं का, आणि गेल्या काही दिवसांत कोणतं औषध दिलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. अँटिबायोटिक चालू असेल तर कल्चरमध्ये जंतू असूनही उगवणार नाहीत. टिल्लूला ते दिलेलंच नव्हतं. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचित आढळतो, म्हणून मॅडमनी सॅम्पलआधी सुरू केलं नव्हतं. मध्ये गुड फ्रायडे आणि शनिवार-रविवार. रिपोर्ट सोमवारी २१ तारखेला आला: वाढ आढळली नाही.

मग मॅडमनी खुर्ची पुढे घेतली आणि विचारलं, "घरात अलीकडे काय बदललं?" मी म्हटलं काही नाही. पाहुणे नाहीत, नवं जनावर नाही. त्यांनी एक एक खोली विचारली. तेव्हा लक्षात आलं, रामनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही कूलर लावला होता. हॉलच्या ज्या खिडकीत टिल्लू दिवसभर चिमण्या बघत बसायचा, त्याच खिडकीत. त्याचा ट्रेही त्याच खिडकीखाली होता, म्हणजे पंख्याचा घोंगावणारा आवाज आणि पाण्याच्या पंपाची घरघर त्याच्या डोक्यावर. घरात सगळ्यांना गारवा आला आणि त्याची बैठक गेली. तरुण मांजरांत लघवीच्या त्रासाचं सर्वांत मोठं कारण हेच, मूत्राशयाला सूज येते आणि तपासण्यांत कुठलाच जंतू, कुठलाच खडा सापडत नाही. मांजराच्या मनावरचा ताण त्यामागे असतो.

कूलर काढणं शक्य नव्हतं, आईला उन्हाळा सोसत नाही. म्हणून ट्रे आतल्या खोलीच्या कोपऱ्यात नेला, दुसरा एक ट्रे बाल्कनीपाशी ठेवला. बेडरूमच्या खिडकीशी शिवणयंत्राचं टेबल सरकवलं, त्याला तिथे बसता येईल असं. पाण्याच्या तीन वाट्या तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब.

ताजं सॅम्पल गुरुवारी २४ तारखेला दिलं. मॅडमनी त्या दिवशी सकाळची वेळ दिली होती. पिशवी आणि गोट्यांची सवय झाली होती, टिल्लू नऊ वाजता बसला, आणि मी नऊ पस्तीसला धरमपेठेत होते, फ्रिज न लावता. स्फटिक दिसले नाहीत. लाल पेशी तुरळक. पीएच ६.३. पुन्हा तीनशे रुपये. खास खाण्याची गरज नाही, ओलं खाणं चालू ठेवा, असं ठरलं.

पुढची तपासणी जुलैत, कूलर उतरवल्यावर. तेव्हाही सॅम्पल ताजंच द्यायचं आहे, म्हणून मॅडमनी सकाळी दहाची पहिली वेळ आत्ताच वहीत लिहून ठेवली आहे, आणि आदल्या रात्री पिशवी अंथरायची आठवण मी फोनमध्ये लावली आहे.